आधी गेट, मग खोली: ताडोबाच्या मुक्कामाविषयी वाचकांचे प्रश्न

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाजवळ राहण्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सफारीचं शुल्क आणि बुकिंगच्या तारखा हंगामागणिक बदलतात, त्या वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहाव्यात. मुक्काम कुठे, किती रात्रींचा आणि कोणत्या सोयींचा असावा, एवढ्यापुरती ही उत्तरं आहेत.

प्रश्न: नेटवर ताडोबाजवळचं एक छान रिसॉर्ट सवलतीत मिळतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण आहोत. खोल्या आत्ताच घेऊन ठेवल्या आणि सफारीचं नंतर पाहिलं तर चालेल का? (पुणे)

उत्तर: नका घेऊ. बहुतेकांचा बेत बिघडतो तो इथेच. ताडोबात आधी सफारीचं परमिट, त्यावरून गेट आणि गेटावरून खोली, असा क्रम धरा.

याचं कारण असं. कोअर म्हणजे जंगलाचा आतला गाभा आणि बफर म्हणजे त्याच्याभोवतीचा पट्टा. कोअर क्षेत्रात शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी अशी सहा गेट आहेत. परमिट ठरावीक गेटाचं असतं. त्याच गेटातून आत जायचं आणि वेळ संपायच्या आत त्याच गेटातून बाहेर पडायचं. नकाशावर मोहर्ली आणि कोलारा जवळ दिसतात, पण मधला रस्ता कोअरमधून जातो आणि तो खाजगी गाडीसाठी नाही. बाहेरून भद्रावती, वरोरा, चिमूर असा वळसा घालून जायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. खोली मोहर्लीला आणि परमिट कोलाऱ्याचं अशी गफलत झाली, तर पहाटेची सफारी गाठण्यासाठी रात्री तीनला उठावं लागेल. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलीला घेऊन हे करू नये.

जाहिरातीत ‘ताडोबापासून १० किलोमीटर’ लिहिलेलं असेल, तर फोन करून तीन गोष्टी विचारा. कोणत्या गेटापासून? ते गेट कोअरचं की बफरचं? अंतर रस्त्याने मोजलं आहे का? बफरच्या गेटाजवळचं रिसॉर्ट वाईट असतं असं नाही, पण तुमचं परमिट कोअरचं असेल तर ते अंतर तुमच्या उपयोगाचं नाही.

गेट निवडताना तुम्ही कुठून येणार ते पाहा. रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरणार असाल, तर मोहर्ली सोयीचं. चंद्रपूरहून ते ३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि राहण्याची सगळ्यात जास्त ठिकाणं तिथेच आहेत. नागपूरला विमानाने किंवा रेल्वेने येणाऱ्यांना उमरेड, भिसी, चिमूर मार्गे कोलारा बरं पडतं, अडीच-तीन तासांत पोहोचता येतं. ताडोबा तलावाचा परिसर कोलारा आणि नवेगाव गेटांना जवळ आहे, तर तेलिया तलाव मोहर्लीकडे. झरी आणि पांगडी ही कोळसा परिक्षेत्राकडची गेट. तिकडे गर्दी कमी असते, राहण्याची ठिकाणंही कमी. एखाद्या गेटावर वाघ हमखास दिसतो असं कुणी सांगितलं, तर त्यावर पैसे लावू नका. वाघिणीला पिल्लं झाली, दोन नरांची हद्दीवरून झुंज झाली किंवा एखादा पाणवठा आटला, की गेल्या महिन्याचं सांगणं या महिन्यात चालत नाही.

तुम्ही पाच जण एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, मावता. एका जिप्सीत जास्तीत जास्त सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि गाईड.

प्रश्न: एमटीडीसी, वनविकास महामंडळ, खाजगी रिसॉर्ट आणि गावातले होमस्टे यांतलं काय निवडावं? (नाशिक)

उत्तर: मोहर्लीत एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाचं, पर्यटक निवास इरई धरणाच्या पाण्यालगत आहे. वनविकास महामंडळाची, म्हणजे एफडीसीएमची निवासस्थानं मोहर्ली आणि कोलारा या दोन्ही ठिकाणी आहेत. त्यांचं मोठं बलस्थान म्हणजे जागा. गेट हाकेच्या अंतरावर असतं. मात्र सुट्ट्यांत ती लवकर भरतात. खाजगी रिसॉर्टमध्ये सोयी जास्त, पण दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. होमस्टेमध्ये खोली साधी असते आणि पैसा थेट गावातल्या घरात जातो. जंगलाशेजारी राहून वाघांचा त्रास सोसणाऱ्या माणसाला जंगलातून चार पैसे मिळावेत, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून खोली स्वच्छ आणि संडास-बाथरूम आत असेल, तर होमस्टेचा विचार आधी करा.

प्रकारापेक्षा पुढच्या चौकशीला जास्त महत्त्व आहे. फोनवर स्पष्ट विचारा:

पहाटे चहा-बिस्किटं किती वाजता मिळतात? ‘सकाळी सातपासून’ असं उत्तर आलं, तर त्या ठिकाणाला सफारीचे पर्यटक सांभाळायची सवय नाही असं समजा. सकाळची फेरी चारेक तासांची असते, परत येईस्तोवर पोट रिकामं ठेवून चालत नाही. नाश्ता बांधून देतात का, तेही विचारून घ्या.

चेक-इन आणि चेक-आऊटच्या वेळा काय? कित्येक ठिकाणी चेक-आऊट सकाळी दहाचा असतो. तुम्ही धुळीने माखून साडेदहाला परत येणार, मग आंघोळ कुठे करणार? सफारीहून आल्यावर तासभर खोली मिळेल हे आधीच कबूल करून घ्या, शक्यतो संदेशावर लिहून.

वीज गेल्यावर काय चालू राहतं? पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर चालतात, एसी चालत नाही. जनरेटर असेल तर तो रात्रभर चालवतात की थोडाच वेळ, आणि खोलीपासून किती दूर आहे?

जिप्सी दारापर्यंत येते का? गेटाजवळच्या मुक्कामावर चालक सहसा घ्यायला येतात. लांब राहिलात तर गेटापर्यंत स्वतःच्या गाडीने जावं लागतं. गेट सहाला उघडत असेल तर साडेपाचला रांगेत असायला हवं. खोली तीन किलोमीटरवर असेल तर पाचला उठून भागतं, पस्तीस किलोमीटरवर असेल तर चारला उठूनही धावपळ होते. लागोपाठ दोन पहाटा अशा गेल्या की तिसऱ्या फेरीत माणसं जिप्सीत डुलक्या काढतात.

पोहण्याचा तलाव, वायफाय, मोठा टीव्ही यांची चौकशी शेवटी केली तरी चालेल.

प्रश्न: एक रात्र पुरेल का? शुक्रवारी रात्री निघून रविवारी परत यायचा विचार आहे. (मुंबई)

उत्तर: एक रात्र अपुरी आहे. दोन रात्री आणि तीन सफारी हे आम्ही किमान मानतो. जमलं तर तीन रात्री आणि चार सफारी.

चांगला बेत असा असतो. पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळेला पोहोचा आणि त्या दिवशी सफारी ठेवूच नका. गाडी उशिरा आली, रस्त्यात चाक पंक्चर झालं, तरी काही बुडत नाही. दुपारची फेरी चुकली तर गेट तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळची आणि दुपारची अशा दोन सफारी. तिसऱ्या दिवशी सकाळची एक करून, आंघोळ आणि जेवण उरकून निघायचं. चौथी सफारी हवी असेल तर ती बफरची ठेवा. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची गेट मोहर्लीकडून सोयीची आहेत, तर अलिझंजा आणि मदनापूर चिमूरकडून. बफर म्हणजे दुय्यम, हा समज सोडून द्या. वाघाला आपली आखलेली हद्द कळत नाही. बफरमध्ये वाघ, बिबट, अस्वल सगळे आहेत आणि परमिट मिळणं तुलनेने सोपं जातं.

दोन गोष्टी तारखा ठरवतानाच पाहा. मंगळवारी कोअर बंद असतं, त्यामुळे सोमवारी पोहोचण्यात अर्थ नाही. बफरच्या सुट्टीचा वार गेटानुसार तपासून घ्या. शिवाय शनिवार-रविवारचं शुल्क इतर दिवसांपेक्षा जास्त आणि परमिट दुर्मीळ. बुधवारी दुपारी पोहोचून शुक्रवारी सकाळची सफारी करून निघालात, तर खर्च कमी होतो आणि पाणवठ्यावर गाड्यांची दाटीही कमी असते.

मुंबईहून रात्रभर गाडी हाकत येऊन त्याच पहाटे सफारीला जाऊ नका. समृद्धी महामार्गाने नागपूर जवळ आलं असलं, तरी तो ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता आहे. झोपेची डुलकी लागून अपघात होतात ते अशाच रस्त्यांवर. शिवाय चिमूर किंवा भद्रावतीपुढचा रस्ता अंधारात पार करायची वेळ आणू नका. सांबर, रानडुक्कर, नीलगाय अचानक आडवी येतात.

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे, तिला रक्तदाबाचा त्रास आहे. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जमतं. नेणं योग्य आहे का? (ठाणे)

उत्तर: नेता येईल, पण मुक्काम आईच्या मापाने ठरवावा लागेल.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जंगल वाळून मोकळं झालेलं असतं आणि जनावरं पाण्याशी येतात, म्हणून हाच काळ प्राणी दिसण्यासाठी सगळ्यात चांगला. दुपारची फेरी मात्र ऐन तापल्या वेळी सुरू होते आणि जिप्सी उघडी असते. आईला फक्त सकाळच्या सफारीला न्या. दुपारी बाकीचे गेले तरी ती खोलीत निवांत राहू शकेल, असं ठिकाण निवडा.

खोली तळमजल्यावरची घ्या. वरच्या मजल्यावरच्या खोल्या स्लॅबमुळे रात्री बारापर्यंत धगधगतात. पत्र्याचं छप्पर आणि खाली नुसतं पीओपी असेल तर ती खोली टाळाच. या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा मोठा कूलर उत्तम काम करतो, कारण हवा कोरडी असली की पाणी भराभर वाफ होऊन हवा थंड करतं. त्यामुळे एसीची खोली मिळाली नाही तरी घाबरू नका, पण कूलरची टाकी रात्री कोण भरणार हे विचारा. पहाटे दोनला टाकी कोरडी पडली की तोच कूलर गरम वारा फेकतो. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारनंतर अंगावर घेता येत नाही इतकं तापतं. आंघोळ सकाळी लवकर उरकावी किंवा बादली भरून खोलीत ठेवावी.

जिप्सीत मागे दोन बाकं असतात आणि शेवटचं बाक उंच असतं. ते मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे दणके तिथे जास्त बसतात. आईला पुढच्या बाकावर बसवा, कमरेमागे छोटी उशी द्या. माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, डोक्याला आणि कानाला गुंडाळायला ओला सुती दुपट्टा, एवढं हवंच. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर उन्हात पाणी लवकर कमी होतं. ती कधी घ्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. घाम थांबून अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

मुलांची सुट्टी हीच अट असेल तर नाताळाचाही विचार करा. तेव्हाची अडचण नेमकी उलटी असते. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडांत शिरतो, कानटोपी, हातमोजे आणि पांघरूण लागतं. परमिटंही फार आधी संपतात.

प्रश्न: एका रिसॉर्टने ‘खोलीच्या गच्चीतून वन्यप्राणी पाहा, आमचा स्वतःचा पाणवठा आहे’ असं लिहिलं आहे. लहान मुलांसाठी हे चांगलं वाटतं. तुमचं मत? (कोल्हापूर)

उत्तर: आमचं मत स्पष्ट आहे. असं ठिकाण घेऊ नका.

माणसांच्या वस्तीशेजारी पाणी, मीठ किंवा खाद्य ठेवून चितळ आणि रानडुकरं ओढून आणली, की त्यांच्या मागून बिबट्या आणि वाघ येतात. पर्यटक दोन दिवसांनी निघून जातो. त्याच वाटेने रोज शेतावर जाणारी बाई, शाळेत जाणारं पोर तिथेच राहतं. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांच्या हल्ल्यात माणसं दगावतात, हे इथल्या गावांचं रोजचं दुःख आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानं तोडायला माणसं रानात असतात. अशा वेळी जनावरांना वस्तीकडे वळवणं हा अपराध आहे असंच आम्ही मानतो.

चांगलं ठिकाण ओळखायच्या खुणा वेगळ्या आहेत. रात्री बाहेरचे दिवे कमी, पिवळसर आणि जमिनीकडे वळवलेले. संगीत नाही. उरलेलं अन्न उघड्यावर नाही, कारण खरकट्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांना बिबट्या. स्वागतकक्षातली आणि स्वयंपाकघरातली माणसं आसपासच्या गावांतली. पाण्याच्या बाटल्यांऐवजी फिल्टरचं पाणी. मुलांना प्राणी दाखवायचे असतील, तर सफारीखेरीज गाईडबरोबर सकाळी पक्षी पाहायला इरईच्या काठावर न्या. हिवाळ्यात तिथे पाणपक्षी भरपूर असतात.

प्रश्न: एजंट खोली आणि सफारी एकत्र देतो म्हणतो. विश्वास ठेवावा का? (सोलापूर)

उत्तर: खोली त्याच्याकडून घ्या हवं तर, पण परमिट स्वतः अधिकृत संकेतस्थळावरून काढा. ते शक्य नसेल, तर परमिटची प्रत हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. प्रतीवर गेटाचं नाव, तारीख, सकाळ की दुपार आणि प्रत्येकाचं नाव ओळखपत्राच्या क्रमांकासह वाचून पाहा. बुकिंगच्या वेळी जे ओळखपत्र दिलं, तेच मूळ स्वरूपात गेटावर लागतं. आधारचा क्रमांक देऊन वाहन परवाना घेऊन आलेल्यांना परत फिरावं लागतं. मुलांच्या वयाचे नियमही बुकिंगच्या पानावर आधी वाचा.

कोअर सफारीत मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे ओळखपत्र ‘फोनमध्ये आहे’ म्हणून चालत नाही, आणि फोटोंसाठी साधा कॅमेरा हवा. फोन खोलीत कुलपात ठेवता येतो का, हेही विचारा. गावातला मोबाइलचा सिग्नल बेभरवशाचा असतो आणि ऑनलाइन पैसे अडकतात, तेव्हा चंद्रपूर, भद्रावती किंवा चिमूरलाच रोख रक्कम काढून आणि इंधन भरून पुढे निघा.

प्रश्न: पावसाळ्यात राहायला स्वस्त मिळतं. जावं का? (अमरावती)

उत्तर: कोअर जुलै ते सप्टेंबर बंद असतं. बफरची काही गेट रस्ते ठीक असतील तोवर चालू राहतात, पण जोराचा पाऊस झाला की फेरी रद्द होते. वाघासाठी जायचं असेल तर नका जाऊ. हिरवं रान, बेडूक, फुलपाखरं आणि शांतता हवी असेल तर जरूर जा. तेव्हा कूलर निरुपयोगी, कारण हवा दमट असते. मच्छरदाणी आणि अंग झाकणारे कपडे मात्र हवेत.

प्रश्न: होमस्टेत मुलांसह राहायचं आहे. सापांची भीती वाटते. (सांगली)

उत्तर: भीतीपेक्षा चार सवयी उपयोगी पडतात. रात्री घरात शिरणारा धोक्याचा साप म्हणजे मण्यार. तो बहुधा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही. म्हणून जमिनीवर अंथरूण टाकू नका. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचा. दाराखालच्या फटीत टॉवेल दाबून ठेवा, बॅगा उघड्या टाकू नका, बूट पायात घालण्याआधी झटका. अंधार पडल्यावर अंगणातही टॉर्चशिवाय पाऊल नको. संडास बाहेर असेल तर मुलांना एकटं सोडू नका, आणि यात सापाइतकंच बिबट्याचंही कारण आहे.

चावल्याचा नुसता संशय आला, पापण्या जड झाल्या, पहाटे विनाकारण पोट दुखू लागलं, तरी सकाळची वाट पाहू नका. चावलेला भाग हलू न देता थेट रुग्णालय गाठा. करकचून बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. प्रतिसर्पविष जवळ कुठे मिळतं आणि रात्री गाडी कोण काढेल, हे पहिल्या संध्याकाळीच घरमालकाला विचारून ठेवा. सगळ्यात मोठी सोय चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आहे.

प्रश्न: आमचा कुत्रा बरोबर आणला तर? काही रिसॉर्ट परवानगी देतात. (नागपूर)

उत्तर: आणू नका. सफारीत तो येऊ शकत नाही, मग चार-चार तास खोलीत कोंडून राहील आणि भुंकेल. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे, साखळीला बांधलेला असला तरी. त्याहून मोठी गोष्ट रोगाची. कुत्र्यांमधला डिस्टेंपरचा विषाणू मोठ्या मार्जारांनाही मारतो. २०१८ मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंमागे तो सापडला होता. लस दिलेली असली तरी जोखीम घ्यायचं कारण नाही. तुम्ही नागपूरचेच आहात, दोन रात्री त्याला ओळखीच्या घरी ठेवणं जमण्यासारखं आहे.